दांडे लांब, पाते आखूड

शिंप्याची कात्री आणि पत्र्याच्या पेट्या बनविणाऱ्या कारागिराची कात्री शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली, तर ती दवडू नका. शिंप्याच्या कात्रीची पाती लांब आणि मुठी आखूड असतात. पत्रेवाल्याच्या कात्रीचे नेमके उलट. पाती बोटभर, पण दांडे हातभर. कापड मऊ असते, ते कापायला बल थोडे पुरते. तेथे एका दाबात वीतभर कापले जावे, ही सोय महत्त्वाची. पत्रा कठीण. तेथे एका दाबात दोन बोटे कापला गेला तरी पुष्कळ झाले.

याच कुळातील तिसरी कात्री बागेत वापरतात. तिचे दांडे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतराहूनही लांब, आणि पाते पोपटाच्या चोचीसारखे आखूड व वाकडे. बाजारात ती ‘लॉपर’ या नावाने मिळते. माळीकाम करणारी मंडळी तिला लांब दांड्याची कात्री म्हणतात. एका मुठीत मावणारी लहान कात्री ती सिकेटर. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी होते तेव्हा मजुरांच्या हातात हे सिकेटर असते, कारण द्राक्षाच्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाड. पण पेरू, आंबा, चिकू, जास्वंद, बोगनवेल यांच्या अंगठ्याएवढ्या फांदीवर सिकेटर चालवून पाहा. मूठ दुखते, कात्री वेडीवाकडी फिरते, आणि फांदी कापली जाण्याऐवजी चावल्यासारखी दिसू लागते. येथे लांब दांडे हवेत, हे कोणीही सांगेल. ते का हवेत, किती लांब हवेत, आणि लांब दांड्यांची कात्री हाती आली म्हणून छाटणी चांगली होते का, हे मात्र जरा सावकाश पाहिले पाहिजे.

तरफेचा हिशेब

कात्री म्हणजे एका खिळीवर जोडलेल्या दोन तरफा. खीळ हा टेकू. टेकूच्या एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला फांदी. म्हणजे ही पहिल्या वर्गातील तरफ. (अडकित्त्यात खीळ एका टोकाला आणि सुपारी मध्ये असते, ती दुसऱ्या वर्गातील तरफ.) हातापासून खिळीपर्यंतचे अंतर ही बलभुजा, फांदीपासून खिळीपर्यंतचे अंतर ही भारभुजा. बलभुजेला भारभुजेने भागले की यांत्रिक फायदा मिळतो.

समजा, लांब दांड्याच्या कात्रीत हात खिळीपासून 60 सेंटिमीटरवर आणि फांदी 4 सेंटिमीटरवर आहे. यांत्रिक फायदा झाला 15. सिकेटरमध्ये बोटे खिळीपासून सुमारे 12 सेंटिमीटरवर आणि काडी 3 सेंटिमीटरवर धरली, तर तो फक्त 4. आता प्रत्येक हाताने 100 न्यूटन बल लावू. साधारण 10 किलोग्रॅम वजनाची पिशवी उचलायला लागते तेवढे. लांब कात्रीत फांदीवर किती बल पडेल?

वर्गात हा प्रश्न विचारला, तर बरेच जण 3,000 न्यूटन असे उत्तर देतील. हात दोन, म्हणून 100 अधिक 100, गुणिले 15. उत्तर चूक आहे. रस्सीखेचीचा खेळ आठवा. दोन्ही बाजूंच्या गटांनी 500-500 न्यूटन बलाने दोर ओढला, तर दोरातील ताण 500 न्यूटनच असतो, 1,000 नव्हे. एका गटाऐवजी दोर झाडाला बांधला तरी तेवढाच ताण येतो. त्या वेळी दुसऱ्या गटाचे काम झाड करते. कात्रीचेही तसेच आहे. एक जबडा फांदीला एका बाजूने 1,500 न्यूटनने दाबतो, आणि दुसरा समोरून तेवढ्याच बलाने तिला अडवून धरतो. म्हणून एक दांडा जमिनीवर रोवून दुसराच हाताने दाबला, तरी पात्याला तेच बल मिळते. पटत नसेल तर न्यूटनचा तिसरा नियम पुन्हा एकदा वाचा.

खिळीवरचा भार मात्र याहून अधिक असतो. तिला हाताचे 100 आणि फांदीचे 1,500, दोन्ही मिळून 1,600 न्यूटन पेलावे लागतात, आणि तेही बोटाहून बारीक असलेल्या एका पोलादी बोल्टला. कात्री विकत घेताना लोक पात्याची चमक पाहतात. माझ्या मते आधी खीळ पाहावी. ती नट-बोल्टची आहे का, सैल झाल्यास पान्याने आवळता येते का, की नुसता ठोकलेला रिव्हेट आहे? खीळ सैल झाली की दोन्ही जबड्यांत फट पडते. मग धारदार पात्यानेसुद्धा फांदीचे तंतू कापले न जाता त्या फटीत दुमडले जातात. दुकानात करता येईल अशी एक सोपी परीक्षा सांगतो. वर्तमानपत्राचा एकच पदर पात्याच्या टोकाशी धरून कापा. स्वच्छ कापला गेला तर खीळ व धार दोन्ही ठीक. कागद दुमडून आत ओढला गेला तर ती कात्री परत ठेवा.

आता कोणी म्हणेल की दांडे दीड मीटर लांब करावेत, म्हणजे मनगटाएवढ्या फांद्याही तुटतील. येथे निसर्ग आपली किंमत वसूल करतो. 15 पट बल मिळाले, तर हात 15 पट अंतर हलवावे लागतात. 3 सेंटिमीटर जाडीची फांदी जबड्यात घ्यायची तर पाते तेथे 3 सेंटिमीटर उघडले पाहिजे. म्हणजे दांड्यांची टोके एकमेकांपासून सुमारे 45 सेंटिमीटर दूर जातात. 5 सेंटिमीटरच्या फांदीसाठी हेच अंतर 70 सेंटिमीटरच्या पुढे जाते. एवढे हात फाकले, की छातीचे स्नायू दाबण्याच्या सोयीच्या स्थितीत राहतच नाहीत. गरज सर्वांत जास्त तेव्हाच बळ सर्वांत कमी, अशी गत होते. शिवाय फांदीची जाडी दुप्पट झाली की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. 1 सेंटिमीटर व्यासाच्या फांदीचा छेद पाऊण चौरस सेंटिमीटरहून थोडा मोठा, तर 3 सेंटिमीटरच्या फांदीचा 7 चौरस सेंटिमीटर. कापायला लागणारे बल नेमके याच प्रमाणात वाढत नसले, तरी ते जाडीपेक्षा झपाट्याने वाढते. म्हणून बाजारातील बहुतेक कात्र्या 45 ते 80 सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि त्यांची मजल 3 ते 5 सेंटिमीटर जाडीपर्यंतच. काहींमध्ये दंतचक्र किंवा जोडतरफ बसवून, काहींमध्ये खटक्याच्या योजनेने एकच काप तीन-चार दाबांत वाटून ही अडचण थोडी सोडविलेली असते. पण त्यातही हातांचे एकूण हलणे वाढतेच. याहून जाड फांदीला करवत लावायची.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. लांब काठीचे दोन निरनिराळे उपयोग असतात, आणि त्यांची गल्लत होते. आंबे उतरवायच्या झेल्याची काठी लांब असते ती केवळ उंची गाठण्यासाठी. तिने बल वाढत नाही. कात्रीचे लांब दांडे मुख्यतः बल वाढवितात. थोडी उंची मिळते तो वरचा लाभ. त्या लाभाच्या मोहाने कात्री डोक्यावर धरून काम करू नये. कापलेली फांदी कोठे पडणार, याचे उत्तर तेव्हा आपल्या कपाळावर मिळते.

कोणता जबडा कोणीकडे

पात्यांच्या रचनेवरून या कात्र्यांच्या दोन जाती आहेत. पहिलीत धारदार, बाकदार पाते एका बोथट आकड्याच्या अंगाला घासून पुढे सरकते. दुसरीत सरळ पाते एका सपाट पट्टीवर येऊन आदळते, जशी ऐरणीवर छिन्नी. पहिलीला आपण सरकती कात्री म्हणू, दुसरीला ऐरणीची.

सरकत्या कात्रीतील आकडा वाकडा का असतो, याचा विचार करण्यासारखा आहे. सरळ पात्यांच्या साध्या कात्रीने गोल पेन्सिल कापू लागलात, तर ती पुढे निसटते. पाती जितकी जास्त उघडी, तितके तिला बाहेर ढकलणारे बल जास्त, आणि घर्षण ते अडवू शकत नाही. आकड्याच्या खोबणीत फांदी बसली, की ती निसटत नाही. तीही होता होईल तो खिळीजवळ धरावी, कारण भारभुजा निम्मी झाली की बल दुप्पट होते.

ऐरणीच्या कात्रीत फांदी पट्टीवर चेपली जाते. वाळलेल्या फांदीला त्याचे काही वाटत नाही. वाळके लाकूड कठीण असते, तेथे ही कात्री चांगले काम देते. जिवंत फांदीवर मात्र ती चालवू नये. का ते पाहण्यासाठी साल सोलून आत डोकावले पाहिजे.

सालीच्या आतील बाजूला पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या असतात. लाकडात मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या असतात. या दोहोंच्या मध्ये कॅम्बियम नावाचा अतिशय पातळ जिवंत थर असतो. आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल, दोन्ही तोच घडवितो. फांदी कापल्यावर उघड्या पडलेल्या लाकडावर कडेने जी गोल वळी चढत येते, तिचा कारखाना हाच थर. तो चेंगरला तर वळी तेथपर्यंत मागे हटते आणि जखम उघडी राहते.

सरकत्या कात्रीतसुद्धा एक बाजू चेंगरतेच, ती आकड्याची. म्हणून नियम असा की पाते खोडाकडे आणि आकडा टाकून द्यायच्या तुकड्याकडे. चेंगरलेला भाग कचऱ्यात जातो, स्वच्छ काप झाडावर राहतो. हा नियम मोडलेला मी फार ठिकाणी पाहिला आहे, आणि तोही बहुधा घाईमुळे. कारण तो पाळायचा तर पुष्कळदा कात्री उलटी धरावी लागते, किंवा झाडाला वळसा घालून पलीकडे जावे लागते.

झाड बरे होत नाही

आपल्या बोटाला कापले तर नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात आणि काही दिवसांनी जखमेचा मागमूस राहत नाही. झाडाचे तसे नाही. अमेरिकेच्या वनसेवेत 1959 ते 1985 या काळात काम केलेले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून जुन्या जखमांचे आत काय झाले ते तपासले. 1977 मध्ये त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा. जखमी लाकूड झाड पुन्हा नवे करीत नाही, ते त्याला भिंती घालून कोंडून टाकते. जलवाहिन्यांत बुच बसतात, त्याने कूज वर-खाली पसरायला थोडा अडथळा होतो. ही भिंत सर्वांत कच्ची. वार्षिक वलये आणि आडवे किरण यांच्या भिंती त्याहून बळकट. सर्वांत भक्कम भिंत जखमेनंतर कॅम्बियमने घडविलेल्या नव्या थराची. ती जुने लाकूड नव्यापासून वेगळे करते. आतली कूज त्या कोठडीत कायम राहते, झाड तिच्याभोवती वाढत जाते.

हे समजले की काप कोठे घ्यायचा, हा प्रश्न आपोआप महत्त्वाचा ठरतो. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे खोडाचे लाकूड फांदीभोवती किंचित फुगीर कडे करून वळलेले असते. पेरूच्या गुळगुळीत सालीवर हे कडे चांगले दिसते. बोट फिरवले तर हाताला लागते. कूज अडविण्याची व्यवस्था याच कड्यात असते. म्हणून काप कड्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा. पूर्वी खोडाला लागून अगदी सपाट कापणे हे कौशल्य मानीत. त्यात हे कडेच उडून जाते आणि जखम खोडात शिरते. उलट, वीतभर खुंट ठेवला तर त्याच्यावर पाने नसल्यामुळे तो वाळतो, कुजतो, आणि वळी त्याला झाकू शकत नाही. लांब दांड्याच्या कात्रीने खुंट राहण्याचा धोका अधिक असतो, कारण आपण फांदीपासून दूर उभे असतो आणि आकड्याची जाडी मध्ये येते. पाते खोडाकडे ठेवण्याचे हे दुसरे कारण.

काप घेण्याआधी फांदीचे वजन कमी करून घ्यावे. आडव्या लांब फांदीच्या वरच्या बाजूच्या तंतूंवर ताण असतो, खालच्या बाजूचे दाबलेले असतात. अर्धवट कापलेली फांदी आपल्याच वजनाने खाली झुकली, की खालची साल लांबवर सोलत खोडावर उतरते. म्हणून आधी हातभर बाहेर एक काप घेऊन पसारा पाडावा, मग उरलेला हलका तुकडा कड्यापाशी काढावा. दोन काप घ्यायला एक मिनिट जास्त लागते. सोललेली साल मात्र परत चिकटविता येत नाही.

जखमेवर डांबर किंवा तैलरंग फासण्याची पद्धत अजून दिसते. त्याने कूज थांबते असे प्रयोगांत आढळलेले नाही. फळबागांत मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावतात, ती वेगळी गोष्ट. 1 किलोग्रॅम मोरचूद व 1 किलोग्रॅम चुना 10 लिटर पाण्यात, असे तिचे 10 टक्क्यांचे प्रमाण असते आणि तांब्यामुळे ती बुरशीला मारक असते. ती लावली म्हणून वेडावाकडा काप सुधारत नाही.

पेरू आणि आंबा

शाळेच्या आवारात पेरूचे झाड असेल, तर शिकण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे झाड नाही. पेरूला फुले येतात ती नव्या फुटीवर. त्यामुळे बेताने छाटलेला पेरू नवी फूट काढतो आणि फळही देतो. आधी वाळलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्यांपैकी एक, मग खोडापासून सरळ वर धावणारे पाणसोट. करंगळीएवढ्या काड्यांना सिकेटर, अंगठ्याएवढ्या फांद्यांना लांब दांड्याची कात्री, त्यापुढे करवत. आंब्याचे गणित वेगळे. त्याचा मोहोर जून झालेल्या डहाळ्यांच्या टोकांना येतो. मोहोराच्या तोंडावर शेंडे छाटले तर त्या वर्षीचे आंबे कात्रीने आधीच खाल्ले असे समजा!

आंब्यावर आणखी एक काम असते, ते म्हणजे बांडगूळ. ही अर्धपरजीवी वनस्पती आपल्या हिरव्या पानांनी अन्न बनविते, पण पाणी व क्षार आंब्याच्या फांदीत घुसविलेल्या शोषक मुळांनी घेते. चिकट बिया पक्ष्यांमार्फत फांदीवर पोचतात. अनेक जण बांडगुळाच्या हिरव्या फांद्या कोयत्याने तोडतात आणि काम झाले असे समजतात. शोषक मुळे आंब्याच्या लाकडात तशीच राहतात, आणि पुढच्या पावसाळ्यात बांडगूळ पुन्हा फुटते. कापायची असते ती आंब्याची फांदी, बांडगुळाच्या गाठीच्या बरीच खोडाकडच्या बाजूला, आणि बिया पक्व होण्यापूर्वी. गाठ लहान असताना हे काम कात्रीचे असते. दोन-तीन वर्षे दुर्लक्ष केले की करवतीचे होते, आणि जखमही त्या मानाने मोठी.

कात्री चालविण्यापूर्वी फांदीत घरटे नाही ना, हे पाहावे. जवळून विजेची तार जात असेल तर त्या झाडाला हात लावू नये. अ‍ॅल्युमिनियमचे दांडे हलके म्हणून चांगले, पण ते विजेचे उत्तम वाहक आहेत. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि आंब्याचा चीक अंगावर उडू देऊ नये. शहरात वृक्षतोडीसंबंधी 1975 चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे; आवारातील मोठ्या झाडाची छाटणी करायची तर शिक्षकांनी आधी नगरपालिकेच्या वृक्ष विभागाकडे चौकशी करावी.

करून पाहा

दोन सारख्या लांब कात्र्या मिळविणे अवघड, म्हणून एकाच कात्रीवर प्रयोग करू. ती टेबलावर आडवी ठेवून एक दांडा दोन ठिकाणी घट्ट बांधा. दुसऱ्या दांड्याच्या टोकाला ताणकाटा अडकवा. 1 सेंटिमीटर जाडीची पेरूची ताजी काडी खिळीपासून 2 सेंटिमीटरवर धरून सावकाश ओढा आणि काडी तुटतानाचे जास्तीत जास्त वाचन टिपून घ्या. मग त्याच काडीचा पुढचा तुकडा 4 सेंटिमीटरवर धरून तेच करा. ताणकाटा दांड्याशी काटकोनात राहिला पाहिजे, आणि बोटे जबड्यापासून दूर; काडी चिमट्याने धरा. दुसरे वाचन पहिल्याच्या जवळपास दुप्पट यायला हवे. तसे न आल्यास, काडीतील गाठ, खिळीचे घर्षण आणि पात्याची धार यांपैकी दोष कोणाचा, हे शोधण्यातच खरी मजा आहे. नंतर तीच काडी आठवडाभर वाळवून पुन्हा कापा व वाचनांची तुलना करा. कापलेली टोके भिंगाखाली पाहून पात्याकडची आणि आकड्याकडची बाजू ओळखता येते का, तेही पाहा.

स्वतःसाठी कात्री निवडताना ती दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर धरून वीस वेळा उघडझाप करावी. हात थरथरू लागले तर ती कितीही मजबूत असो, आपल्यासाठी जड आहे. नववीतल्या मुलामुलींना 60 सेंटिमीटरच्या आसपासची बहुधा सोयीची पडते. दांड्यांच्या मध्ये रबरी ठोकळे आहेत का, हेही पाहावे. फांदी तुटते त्या क्षणी विरोध एकाएकी नाहीसा होतो आणि दोन्ही मुठी वेगाने एकमेकींकडे येतात. ठोकळे नसले तर बोटांची पेरे आपटतात. फांदी तुटत नाही म्हणून कात्री डावी-उजवीकडे पिळू नये. त्या पिळाने पाते आकड्यापासून दूर सरते, आणि मग ते कायमचेच सरते.

धार लावताना पात्याच्या उतरत्या बाजूलाच दगड फिरवावा. सपाट बाजू घासली तर आकड्याशी फट पडेल. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाते स्पिरिटने पुसावे. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू कात्रीवरूनही पसरतात, म्हणून तेथील शेतकरी प्रत्येक झाडानंतर ती जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवितात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटने लोखंड लवकर गंजते. तेव्हा काम संपल्यावर कात्री पाण्याने धुऊन, कोरडी पुसून, खिळीत तेलाचा एक थेंब सोडूनच खुंटीला लावावी.